निळूभाऊंना वाड्यातून बाहेर काढा

एक साधा प्रयोग करून बघा. 'बाई, वाड्यावर या' हे स्टिकर तुम्हाला शेवटचं ज्यानं पाठवलं, त्याला विचारा : भाऊ, हे वाक्य निळू फुल्यांच्या कुठल्या चित्रपटातलं? वर्ष नको, दिग्दर्शक नको, नुसतं चित्रपटाचं नाव सांग. मग दुसरा प्रश्न विचारा : निळू फुल्यांचा एखादा तरी चित्रपट पहिल्या पाटीपासून शेवटपर्यंत पाहिलायस का?

दोन्ही प्रश्नांना बहुतेक वेळा एकच उत्तर येतं. हसणारा इमोजी.

इथं भांडण त्या इमोजीशी आहे. एक माणूस पन्नासेक वर्षं रंगमंचावर आणि पडद्यावर उभा राहिला. लोकनाट्यं केली, नाटकं केली, शंभराहून जास्त चित्रपट केले. संगीत नाटक अकादमीनं १९९१ साली त्याला पुरस्कार दिला. १३ जुलै २००९ ला तो पुण्यात गेला. आणि आज त्याचं काय उरलं, तर मिचकावलेला डोळा, तिरकी टोपी आणि बाईला वाड्यावर बोलावणारं एक वाक्य. ज्यांनी त्याला पाहिलं नाही, त्यांनी ते वाक्य त्याच्या कपाळावर गोंदून टाकलं.

तुम्ही म्हणाल, त्यात एवढं रागवायचं काय? गंमत आहे. मीही तेच ऐकत आलोय. पण ही गंमत नेमकी कोणाच्या बाजूनं केली जाते आणि कोणावर, हे एकदा शांतपणे बघायला हवं. कारण माझं म्हणणं असं आहे : निळू फुल्यांनी ज्या माणसाला आयुष्यभर उघडं पाडलं, त्याच माणसाच्या गादीवर आपण त्यांना नेऊन बसवलं आहे. आणि स्वतः त्यांच्या शेजारी तक्क्याला टेकून बसलो आहोत.

ऐंशीतले दहा

आधी माणूस कोण होता ते बघू.

नीळकंठ कृष्णाजी फुले. पुण्यातलं गरीब, मोठं कुटुंब. वडील लोखंडाचं भंगार आणि भाजी विकायचे. सतराव्या वर्षी हा मुलगा पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून लागला. पगार ऐंशी रुपये. त्यातले दहा रुपये दर महिन्याला राष्ट्र सेवा दलाला जायचे. आपल्या हिशोबात बसवून बघा : पगाराचा आठवा हिस्सा, तोही भावंडांनी भरलेल्या घरातला. स्वतःची रोपवाटिका काढायचं स्वप्न होतं, पैशांअभावी ते राहून गेलं.

सेवा दल म्हटलं की आपल्या खानदेशात वेगळं सांगावं लागू नये, पण आता सांगावं लागतं. सेवा दलाची पोरं ज्यांना गुरुजी म्हणायची ते साने गुरुजी अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये मास्तर होते. आपल्या भडगावहून पारोळ्याच्या रस्त्यानं निघालात की दुपारच्या चहाला अंमळनेरात पोचता. फैजपूरच्या १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी गुरुजी गावोगाव हिंडले ते याच मातीत. पंढरपूरचा विठ्ठल दलितांना खुला व्हावा म्हणून १९४७ साली त्यांनी उपोषण केलं. त्या विचारातून जी पिढी उभी राहिली, तिच्यात पुण्याचा हा माळी होता. तेव्हा निळूभाऊ हे नातं आपल्याला पुण्यापेक्षा जवळचं आहे. ज्या झाडाचं मूळ अंमळनेरात, त्याची एक फांदी म्हणजे निळू फुले.

सेवा दलाचं कलापथक होतं. भाषण ऐकायला दहा माणसं येतात, पण ढोलकी वाजली की गाव जमतं, हे त्या लोकांना नीट कळलेलं होतं. म्हणून त्यांनी तमाशाचा साचा घेतला. गण, गौळण, बतावणी, वग सगळं तेच ठेवलं आणि आतला मजकूर बदलला. राजाच्या जागी पुढारी आला, प्रधानाच्या जागी त्याचा चमचा. १९५७ च्या निवडणुकीआधी निळूभाऊंनी स्वतः वग लिहिला, 'येरा गबाळ्याचे काम नोहे'. पुढे पु. ल. देशपांड्यांच्या 'पुढारी पाहिजे' मधल्या रोंग्याच्या भूमिकेनं त्यांना लोक ओळखायला लागले. शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगाचे प्रयोग तर दोन हजारांच्या पुढे गेले.

नावंच बघा ना. 'पुढारी पाहिजे'. 'अकलेचा कांदा'. या माणसानं अभिनयाची बाराखडी कुठं गिरवली? सत्तेवर बसलेल्याची टर उडवण्यात. खालून वर बघत हसण्यात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

झेले अण्णा आणि शिक्का

१९६८ साली अनंत माने यांचा 'एक गाव बारा भानगडी' आला आणि झेले अण्णाच्या भूमिकेत निळू फुले पडद्यावर आले. तो काळ तमाशापटांचा. एक गाव, एक पाटील किंवा सरपंच, एक फड, एक नाचणारी आणि एक सज्जन. गावातला खल दाखवायचा तर आता माणूस सापडला होता. निर्माते रांगेनं आले.

त्यांनी त्या भूमिकांत काय केलं, ते बघण्यासारखं आहे. त्याआधीचा पडद्यावरचा दुष्ट ओरडायचा. मिशीला पीळ द्यायचा, डोळे वटारायचा. निळू फुल्यांनी आवाज खाली आणला. पापण्या अर्ध्या मिटल्या, मान थोडी तिरकी केली, शब्द जिभेवर घोळवला आणि समोरच्याला वाट पाहायला लावली. ज्याच्या हातात खरंच सत्ता आहे त्याला ओरडावं लागत नाही, हे त्यांना माहीत होतं. आपल्या तालुक्याच्या गावात तुम्हीही हा माणूस पाहिला आहे. तो सोसायटीच्या ओट्यावर बसतो, हळू बोलतो, 'बघू ना, बसा' म्हणतो आणि तुमचं काम तिथंच सहा महिने बसून राहतं. हे निरीक्षण फक्त नक्कल करून येत नाही. त्या माणसासमोर हात जोडून उभं राहावं लागलेल्यांच्या घरातून ते येतं.

आणि प्रेक्षक? सारंगखेड्यासारख्या यात्रेत तंबूत सिनेमा लागायचा, गावात पडदा बांधून लागायचा, तेव्हाच्या आयाबायांना विचारा. निळू फुले पडद्यावर आला की बाया बोटं मोडायच्या. 'तुना मुडदा पडो' म्हणायच्या. तो समोर भेटला तरी लोक त्याच्यापासून चार हात लांब राहायचे, अशा गोष्टी तर महाराष्ट्रभर सांगितल्या जातात. प्राण पडद्यावर असताना लोकांनी पोरांना प्राण नाव ठेवणं सोडलं म्हणतात, तसाच हा प्रकार. नटाला याहून मोठी दाद नाही.

आता इथं थांबा. त्या बाईनं शिवी कोणाला दिली? नटाला दिली असं वाटतं, पण ती गावातल्या खऱ्या पाटलाला, खऱ्या सावकाराला दिलेली होती. त्याच्या तोंडावर देता येत नव्हती, म्हणून पडद्यावरच्याला दिली. अंधारात बसून, पदराआडून का होईना, तिनं ती दिली. निळू फुल्यांनी तिला तेवढी जागा करून दिली होती.

पन्नास वर्षांनी त्याच बाईचा नातू तेच पात्र बघतो आणि हसतो. आजी पाटलाविरुद्ध होती. नातू पाटलाबरोबर आहे. मधल्या काळात नट बदलला नाही, चित्रपट बदलले नाहीत. बदललो आपण. हा बदल मला भीतीदायक वाटतो. तुम्हाला वाटत नसेल तर पुढचं वाचा.

तीन माणसं, एक चेहरा

१९७२ साली निळू फुल्यांनी विजय तेंडुलकरांचा 'सखाराम बाइंडर' उभा केला. दिग्दर्शक कमलाकर सारंग. सखाराम म्हणजे नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना घरी आणून, अटी घालून ठेवणारा बाइंडर. शिवराळ, मारकुटा, आणि स्वतःच्या खरेपणाचा टेंभा मिरवणारा. नाटक गाजलं, मग सेन्सॉरनं अडवलं, सारंग कोर्टात गेले आणि जिंकून आले. संस्कृतिरक्षकांचा आक्षेप होता की हे नाटक घाण दाखवतं. निळू फुल्यांचा सखाराम पाहिलेली माणसं मात्र वेगळं सांगतात. तो माणूस आतून किती घाबरलेला आहे, हे त्यांना दिसलं होतं. बाईला मालमत्ता समजणारा पुरुष शेवटी कसा पोकळ निघतो, हे त्या भूमिकेत होतं. पुरुषीपणाची इतकी कठोर तपासणी करणारा नट आज पुरुषीपणाचा ब्रँड अँबॅसेडर म्हणून स्टिकरवर फिरतोय. याला दैवाचा खेळ म्हणायचं की आपला निर्लज्जपणा?

मग 'सामना'. जब्बार पटेल दिग्दर्शक, तेंडुलकरांचं लेखन, निर्माते रामदास फुटाणे. १९७५ साली हा चित्रपट बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात गेला. हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याचा, म्हणजे पर्यायानं सगळ्या भागाचा मालक. एक दारुडा, भणंग मास्तर त्याच्या गावात येतो, ते डॉ. श्रीराम लागू. हिंदुराव त्याला घरी नेतो, खाऊपिऊ घालतो. आणि मास्तर एकाच माणसाबद्दल विचारत राहतो : मारुती कांबळे. त्याचं काय झालं? गावात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणालाच माहीत नाही.

हा हिंदुराव बघा. बाईच्या मागं लागलेला रंगेल पाटील तो नाही. त्यानं गाव घडवलं आहे. पाणी आणलं, कारखाना आणला, रस्ते आणले. तो स्वतःला विकास समजतो. आणि विकासाच्या आड आलेला एक माणूस गायब झाला, तर एवढं काय, असं त्याला मनापासून वाटतं. निळू फुल्यांनी त्याला राक्षस केला नाही. आपल्याला तो आवडायला लागतो आणि मग आपलीच आपल्याला लाज वाटते. सहकाराच्या नावानं उभ्या राहिलेल्या सरंजामाचं इतकं अचूक चित्र मराठी पडद्यानं क्वचितच काढलं असेल. चाळीसगावच्या बेलगंगा कारखान्याच्या बंद पडलेल्या धुराड्याकडे बघत ज्यांचे बाप म्हातारे झाले, त्या पोरांनी तरी हा चित्रपट पाहायलाच हवा. कारखाना कसा उभा राहतो, त्याच्यावर माणसं कशी मोठी होतात आणि शेवटी ऊस कोणाचा नि साखर कोणाची, हे त्यात आहे.

आणि मग 'सिंहासन', १९७९. अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या कादंबऱ्यांवरचा, पुन्हा जब्बार पटेलांचा. इथं निळू फुले सत्तेत नाहीत. ते आहेत दिगू टिपणीस, राजकारण रोज जवळून बघणारा पत्रकार. मंत्री येतात, मुख्यमंत्री डाव टाकतात, कामगार पुढारी फिरतो, आणि दिगू बघतो. फक्त बघतो. शेवटी सगळं फिरून तिथंच आल्याचं त्याला दिसतं आणि तो हसत सुटतो. ते हसू बघा. ऐकताना पोटात कसंतरी होतं. सगळं कळलं आणि काहीच करता येत नाही, अशा माणसाचं ते हसू आहे.

हिंदुराव आणि दिगू, चार-पाच वर्षांच्या अंतरानं, एकाच चेहऱ्यावर. एकाचा सगळ्यांवर ताबा, दुसऱ्याचा स्वतःवरही नाही. त्यापुढे जयवंत दळवींच्या 'सूर्यास्त' नाटकातले आप्पाजी घ्या. स्वातंत्र्यचळवळीतून आलेले वृद्ध गांधीवादी, मुलगा मुख्यमंत्री, आणि मुलाच्या सत्तेविरुद्ध उभा राहिलेला बाप. हिंदीत 'सारांश' मधला पुढारी गजानन चित्रे घ्या. सत्तेच्या प्रत्येक पायरीवर हा नट उभा राहून आला. पाटील, सरपंच, कारखानदार, आमदार, त्यांना बघणारा पत्रकार आणि त्यांना नाकारणारा म्हातारा. महाराष्ट्राच्या ग्रामीण सत्तेचा इतिहास लिहायचा तर ग्रंथालयाआधी या माणसाच्या भूमिका बघाव्या लागतील. आणि आपण त्यातलं काय उचललं? वाडा.

'अहो, त्यानं तरी लक्षात राहिले ना!'

याला नेहमी तीन उत्तरं येतात. तिन्ही घेऊ.

पहिलं : मीममुळे तरी नव्या पिढीला निळू फुले माहीत झाले. नाही, झाले नाहीत. नव्या पिढीला एक मुखवटा माहीत झाला. त्या मुखवट्याच्या जागी उद्या दुसरा कोणी बसवला तरी विनोद तसाच चालेल. म्हणजे त्या विनोदाला निळू फुले लागतच नाहीत. ज्याला नट लागत नाही, ती नटाची आठवण कशी?

दुसरं : भूमिका त्यांनीच केल्या ना? पैसे घेतले ना? हो, केल्या, घेतले. चित्रपट हा त्यांचा पोटाचा धंदा होता आणि मराठी चित्रपटसृष्टी नटाला एकदा एका खुंटीला टांगलं की तिथून काढत नाही. गणपत पाटलांना विचारायला हवं होतं. कोल्हापूरचा हा देखणा नट नाच्याच्या भूमिकेत अडकला तो कायमचा. त्या शिक्क्याची झळ घरच्यांनाही लागली. आत्मचरित्राचं नावच त्यांना 'रंग नाच्याचे' ठेवावं लागलं. दोष द्यायचाच तर निर्मात्यांना द्या, ज्यांना एका चेहऱ्यातून एकच नाणं पाडायचं होतं. आणि तमाशापटांतल्या त्या कॅमेऱ्यालाही द्या. बाईवरचा जुलूम दाखवताना तो कॅमेरा पुष्कळदा जुलूम करणाऱ्याच्या डोळ्यांनीच बघायचा. हे मी नाकारत नाही. त्या चित्रपटांत घाणही आहे. पण म्हणूनच त्यात निळू फुले काय करत होते ते महत्त्वाचं. कॅमेरा चवीनं बघत असताना तो नट त्या पात्राबद्दल किळस तयार करत होता. बायांनी बोटं मोडली ती त्या किळसेपोटी. आपण किळस पुसली आणि चव ठेवली.

तिसरं, आणि सगळ्यात आवडतं : जोक आहे हो, जोक म्हणून घ्या. बरं, जोक म्हणून घेऊ. तालुक्यातल्या एका शाळेत नव्या बाई रुजू होतात. शिक्षकांच्या ग्रुपवर स्वागताचा मेसेज पडतो आणि खाली कोणीतरी हे स्टिकर टाकतं. सात जण हसतात. बाईंनी काय करायचं? हसायचं, म्हणजे मान्य केलं. गप्प बसायचं, म्हणजे शिष्ट आहेत. बोलायचं, म्हणजे विनोदबुद्धी नाही. अशी कोंडी करण्यासाठी पूर्वी वाडा, चार गडी आणि एक बंदूक लागायची. आता एक अंगठा पुरतो. आणि प्रत्येक वेळी पाठवणाऱ्याच्या हाताशी सबब तयार : मी कुठं म्हणालो, निळू फुले म्हणाले.

नाही. निळू फुले नाही म्हणाले. तू म्हणालास.

मराठीत 'बाई' म्हणजे शिक्षिका. पुण्यात पोरींसाठी शाळा काढणाऱ्या सावित्रीबाईंनी हा शब्द उंच केला. त्यांचं आडनाव फुले होतं. दुसऱ्या एका फुल्यांच्या नावावर आपण तो शब्द पुन्हा वाड्याच्या दारात नेऊन ठेवला. एवढं तरी डोक्यात ठेवा.

वाडा पडला म्हणता?

कोणी म्हणेल, आता वाडे कुठं राहिले? भडगावात, पाचोऱ्यात, एरंडोलात जुने वाडे बघा, माती ढासळतेय, वारस पुण्याला. म्हणून तर हसता येतं, की ते सगळं संपलं.

खरंच संपलं? महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांसाठी आहेत. त्याआधीपासून एक तृतीयांश होत्याच. म्हणजे आपल्या गिरणाकाठच्या गावांतही बाई सरपंच आहे. तिच्या नावाची पाटी आहे. आणि कितीतरी गावांत ग्रामसेवक सही घ्यायला कागद घेऊन जातो तो तिच्याकडे नाही, तिच्या नवऱ्याकडे, दिराकडे, सासऱ्याकडे. त्याला लोक बिनदिक्कत सरपंच म्हणतात. झेंडावंदनाला तिला पदर सावरत पुढं उभं करतात आणि ग्रामसभेत तिच्या वतीनं दुसराच बोलतो. तिला वाड्यावर बोलवायची गरज उरली नाही, कारण अख्खी ग्रामपंचायतच वाड्यावर भरते.

गिरणेच्या पात्रात रात्री वाळू उपसणारे ट्रॅक्टर ज्यांना ऐकू येतात, त्यांना सकाळी ते कोणाचे म्हणून विचारा. सगळ्यांना माहीत आहे आणि कोणालाच माहीत नाही. 'सामना' मधल्या गावासारखंच. धरणाचं आवर्तन सुटलं की पाणी आधी कोणाच्या केळीला जातं आणि शेवटच्या चारीवरचा कोण कोरडा राहतो, हे कजगावच्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. धोतर गेलं, पांढरी पँट आली. घोडा गेला, काळ्या काचांची गाडी आली. हळू बोलणं तेच राहिलं. 'बघू ना, बसा.'

अशा जागी राहणाऱ्या पोरांनी हिंदुरावाची भूमिका ओळखायला शिकणं हा करमणुकीचा प्रश्न नाही. ती त्यांच्या जगण्याची गरज आहे. ज्या नटानं ती सत्ता तपशिलासकट दाखवली, त्याचाच आपण सत्तेवरचा लाडिक विनोद करून टाकला. यात फायदा कोणाचा? ज्याच्या चारीला पाणी आधी येतं, त्याचा. त्याला हे स्टिकर फार आवडतं. तोही ते पाठवतो.

पडद्यामागचा माणूस

पडद्यावर जे दाखवलं ते संपल्यावर निळू फुले काय करत होते, हेही सांगून टाकतो. सामाजिक काम करणाऱ्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या घरात चूल पेटावी म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. त्यासाठी डॉ. लागूंबरोबर त्यांनी 'लग्नाची बेडी' या नाटकाचे प्रयोग गावोगाव केले आणि पैसा जमवला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात ते उघडपणे उभे राहिले. शेवटच्या काळात 'गोष्ट छोटी डोंगराएवढी' सारख्या, शेतकऱ्याच्या आत्महत्येवरच्या चित्रपटात ते दिसले. ऐंशीतले दहा देणारा माळी म्हातारपणीही हिशोब विसरला नव्हता.

आता पुण्यामुंबईच्या शहाण्यांशीही दोन शब्द. तुम्ही 'सामना', 'सिंहासन' चे दाखले देता, पुण्यतिथीला लेख लिहिता. पण 'चांगला माणूस, वाईट भूमिका' एवढंच तुमच्याही लेखांचं तात्पर्य असतं. पडद्यावर खल, आयुष्यात संत. ही विभागणीच खोटी आहे. आयुष्यातला सेवा दलाचा कार्यकर्ता आणि पडद्यावरचा पाटील ही दोन टोकं नव्हेत, ते एकच काम होतं. 'पुढारी पाहिजे' मध्ये जे ढोलकीवर केलं, तेच हिंदुरावात कॅमेऱ्यासमोर केलं. सत्तेचा चेहरा लोकांना इतक्या जवळून दाखवायचा की पुन्हा भेटला तर ओळखू यावा. ज्यांना हे दिसलं नाही, त्यांनीच संताची तसबीर लावून मीमवाल्यांना रान मोकळं केलं.

तेव्हा मागणी साधी आहे. कोणाला बंदी घालायची नाही, कोणावर गुन्हा दाखल करायचा नाही, कोणाच्या भावना दुखावून घ्यायच्या नाहीत. निळू फुल्यांना ते आवडलंही नसतं. सेन्सॉरचा दांडा त्यांच्याच नाटकानं खाल्लेला आहे. फक्त हातातल्या त्याच फोनवर 'सामना' शोधा. दोन तास काढा, गावातल्या चार पोरांना घेऊन बघा. आठवड्यानं 'सिंहासन' बघा. मग ग्रुपवर कोणी ते स्टिकर टाकलं की त्याला शिवी देऊ नका. त्याच्या खाली दिगू टिपणीसाचा शेवटचा चेहरा टाका आणि मास्तरचा प्रश्न विचारा. आपल्या गावातला मारुती कांबळे कोण, आणि त्याचं काय झालं?

बघा, किती जण हसतात.